पैसे मातीत घालायचे का?

स्टॉकहोमहून एका वाचक भगिनींचं सविस्तर पत्र आलंय. थोडक्यात मजकूर असा. नवरा-बायको दोघंही नोकरीत, हातात महिन्याला ६८,००० क्रोना येतात, खर्च ५३,००० च्या घरात, उरलेले १५,००० इंडेक्स फंडात जातात. मुलगी पाच वर्षांची आहे, साधारण चार वर्षांत पुण्याला परतायचं ठरलंय. बाणेरच्या फ्लॅटवर २२ लाखांचं कर्ज बाकी आहे, व्याज ८.४ टक्के. आयएसके खात्यात (स्वीडनमधलं गुंतवणुकीचं बचत खातं, फंड त्यातच) ३,४०,००० क्रोना, अडीअडचणीसाठी बँकेत ७०,०००. आता एक वयस्कर विक्रेता दुकान बंद करतोय. त्याच्याकडच्या नऊ जुन्या स्टोनवेअर, म्हणजे कडक भाजलेल्या मातीच्या, वस्तूंच्या लॉटचे तो १,२०,००० क्रोना मागतो, आणि डॅनिश फर्निचर डिझायनर हान्स वेगनरच्या चार वापरलेल्या ‘विशबोन’ खुर्च्यांचे ३०,०००. बोनसचे ६०,००० हाताशी आहेत, उरलेले ९०,००० फंडातून काढायचा विचार आहे. त्या लिहितात, ‘ही उधळपट्टी नाही, विक्रेता सांगतो की या वस्तू वर्षाला दहा टक्क्यांनी वाढतात.’ यजमानांचं एकच वाक्य, ‘पैसे मातीत घालू नकोस.’

नमस्कार. तुम्हाला उत्तराची घाई आहे, म्हणून निर्णय आधी सांगते. खुर्च्या घ्या. नऊ वस्तूंचा लॉट घेऊ नका. त्यातल्या एखाद्या वस्तूवर खरंच जीव जडला असेल तर तेवढी एकच मागा. फंडाला हात लावू नका.

त्या वस्तूंचं मोल मला कळत नाही असं मात्र समजू नका. माझी मुलगी तुमच्याच शहरात असते. मागच्या खेपेला तिच्याबरोबर एका लिलावाआधीच्या प्रदर्शनाला गेले होते. तिथे वस्तू हातात घेऊन बघू देतात. बर्न्ट फ्रीबर्ग या स्वीडिश कुंभाराची जेमतेम तीन बोटं उंचीची फुलदाणी मी तळहातावर घेतली. तोंड इतकं अरुंद की काडेपेटीतली काडी जाईल, खालचा घेर गरगरीत, आणि तपकिरी झिलईत वरून खाली उतरलेल्या बारीक रेघा, सशाच्या अंगावरच्या लवेसारख्या. तळाला कोरलेली सही आणि गुस्ताव्सबर्ग या चिनी मातीच्या कारखान्यातल्या स्टुडिओची पंजाच्या आकाराची खूण. हा माणूस तेराव्या वर्षी होगानेसच्या कारखान्यात कामाला लागला, १९३४ मध्ये गुस्ताव्सबर्गला आला तो तिथला कलाकार विल्हेल्म कोगे याची भांडी चाकावर काढून देणारा कारागीर म्हणून. पुढे स्वतःच्या नावाने काम करू लागल्यावरही चाकावर स्वतःच बसायचा. ती फुलदाणी खाली ठेवताना माझा हात जड झाला होता, हे मोकळेपणाने सांगते.

आणि स्टोनवेअर आपल्याला परकं नाही. आपल्या घरातली लोणच्याची बरणी, वरून तपकिरी आणि खाली पिवळट, तीही याच जातीची. बाराशे-तेराशे अंशांच्या भट्टीत माती इतकी घट्ट होते की मीठ आणि तेल वर्षभर आत राहिलं तरी पाझरत नाही. माठ झिरपतो, बरणी झिरपत नाही, फरक एवढाच. तुमच्या यजमानांना हे जरूर सांगा.

आता हिशेब. विक्रेत्याचे दहा टक्के मी क्षणभर खरे धरते. १,२०,००० क्रोनांचा लॉट चार वर्षांनी १,७५,७०० चा होईल. पण तो विकणार कसा? लिलावात द्याल, तर लिलावगृह विकणाऱ्याकडून कमिशन घेतं, शिवाय फोटोचे आणि यादीत घालण्याचे पैसे. सगळं मिळून वीस टक्के धरू. म्हणजे ३५,००० च्या वर गेले, हातात आले १,४०,५६०. वर्षाला चार टक्के पडले. विक्रेत्याचा शब्द अक्षरशः खरा ठरला तरी चार टक्के! आणि वाढ दहाऐवजी चारच टक्के झाली, तर चार वर्षांनी तुमच्या हातात १,१२,३०० येतील, म्हणजे घातले त्याहून कमी. यात एकही वस्तू फुटलेली नाही, एकाही काठाचा टवका उडालेला नाही.

दुसऱ्या बाजूला तेच ९०,००० क्रोना. सोयीसाठी क्रोनाला दहा रुपये धरले तर नऊ लाख. बाणेरच्या कर्जात भरले तर पहिल्याच वर्षी ७५,६०० रुपये व्याज वाचतं, आणि तेही नक्की. कर्ज फेडावं की फंड चालू ठेवावा हा वेगळा विषय आहे, त्यावर पुन्हा लिहीन. पण हे पैसे रिकामे पडलेले नाहीत, एवढं यावरून दिसतं. आयएसकेमधून विकताना नफ्यावर वेगळा कर लागत नाही, म्हणून तिथले पैसे काढणं फार सोपं वाटतं. तेच मला नको आहे. (जाता जाता: २०२६ पासून त्या खात्यातल्या पहिल्या ३,००,००० क्रोनांवर वार्षिक करही नाही, आणि ही सूट प्रत्येक माणसाला स्वतंत्र आहे. सगळी रक्कम तुमच्या एकटीच्या नावावर असेल तर पुढची भर यजमानांच्या खात्यात घाला.)

आता त्या नऊ वस्तू. तुम्ही पाठवलेली यादी मी दोनदा वाचली. फ्रीबर्गची एक मिनिएचर, कार्ल-हॅरी स्टोलहानेच्या दोन फुलदाण्या, गुन्नार न्यूलुंडचा एक वाडगा, डेन्मार्कच्या साक्सबो कार्यशाळेची एक फुलदाणी, आणि चार ‘इतर’, ज्यांत सही नसलेली दोन भांडी आणि बेर्सोच्या दोन वस्तू. लॉट असाच बांधतात. एक-दोन वस्तूंनी मन ओढून घ्यायचं आणि बाकीच्या त्यांच्या जोरावर खपवायच्या. आपल्याकडे आंब्याच्या पेटीत वरचा थर बघून सौदा होतो, तसंच.

यातल्या प्रत्येक वस्तूची बाजारातली चाल निराळी आहे. बेर्सो म्हणजे स्टिग लिंडबर्ग या डिझायनरची हिरव्या पानांची नक्षी, आणि मुळात ते स्टोनवेअर नाहीच, जेवणाखाण्याची भांडी आहेत. १९६१ ते १९७४ त्यांचं उत्पादन झालं, २००५ पासून पुन्हा सुरू झालं. नवी बेर्सो दुकानात मिळत असताना जुन्या कपबशीचा भाव किती चढणार? वापरायला घ्या, सुंदर आहे, पण वाढीची आशा धरू नका. स्टोलहाने १९३९ ते १९७३ रोरस्ट्रांडच्या कारखान्यात होता. त्याच्या नावावर मालिकेत निघालेल्या वस्तूही आहेत आणि एकेकट्या, पुन्हा न झालेल्याही. तळाला कारखान्याच्या तीन मुकुटांच्या खुणेच्या जोडीला मॉडेलची अक्षरं असतील तर ती मालिकेतली. भावातला फरक मोठा असतो, म्हणून तळाचा फोटो मागवा, वरचा नको. साक्सबो १९६८ ला बंद झालं. तिथली नाताली क्रेब्स मूळची रसायन अभियंता, त्या झिलयांचा शांतपणा तिच्या प्रयोगांतून आलाय. ही वस्तू मला तुमच्या यादीत फ्रीबर्गच्या खालोखाल आवडली. सही नसलेल्या दोन भांड्यांबद्दल मी काही बोलत नाही, तुम्हीही त्यांचे पैसे देऊ नका.

सगळ्यात मोठी अडचण तुमच्या पत्रात एका ओळीत येऊन गेलीय. तुम्ही चार वर्षांनी पुण्याला येताय. या वस्तूंचा बाजार स्टॉकहोम, माल्मो, कोपनहेगन इथे आहे. न्यूलुंडचा वाडगा ओळखणारी, भाव माहीत असलेली आणि पाकीट काढणारी माणसं तिथे आहेत. कर्वे रस्त्यावर तो वाडगा सुंदर वाडगाच राहील, गरज पडली तर आठवड्यात पैसे उभे करून देणार नाही. सोन्याची बांगडी घेऊन तुम्ही कुठल्याही पेठेतल्या सराफाकडे जाऊ शकता. फ्रीबर्ग घेऊन कुणाकडे जाणार? म्हणून घेण्याआधीच प्रत्येक वस्तूबद्दल ठरवा: ही पुण्याला न्यायची, की निघण्याआधी तिथेच विकायची. न्यायची ती घरची झाली, तिची किंमत कागदावर शून्य धरा. शून्य धरूनही घ्यावीशी वाटली तर ती तुमची.

कराचं फार लांबवत नाही. घरात वापरण्यासाठी घेतलेल्या वस्तू विकून झालेल्या नफ्यात स्वीडनमध्ये वर्षाला ५०,००० क्रोनांपर्यंत सूट आहे, आणि खरेदीची पावती नसली तरी विक्रीच्या पाव रक्कम खरेदी म्हणून धरता येते. पण ‘गुंतवणूक म्हणून घेतलंय’ असं तुम्हीच म्हणालात तर हा नियम लागत नाही. भारतात घरगुती वापराच्या वस्तूंना भांडवली नफ्यातून सूट आहे, कलाकृतींना नाही, आणि सही असलेली स्टुडिओ फुलदाणी कुठे मोडते यावर वाद होऊ शकतो. कस्टमची सूट त्या वेळच्या नियमाप्रमाणे, सामान बांधण्याआधी सीएला विचारा. सगळ्या पावत्या आजपासून जपा.

आता ज्याची मला खरी काळजी वाटते ते. ७०,००० क्रोना म्हणजे तुमचा दीड महिन्याचाही खर्च नाही. परदेशात, लहान मूल, डोक्यावर कर्ज. किमान तीन महिन्यांचे, म्हणजे १,६०,००० हवेत. आणि तुम्ही लिहिलंय की यजमान आ-कासाचे, म्हणजे तिकडच्या बेकारी विमा निधीचे, सभासद आहेत, तुम्ही नाही. हे याच आठवड्यात करा. महिन्याला दीडशे क्रोनांच्या आसपास वर्गणी असते, आणि नोकरी गेल्यावर पूर्ण भत्ता मिळायला आधी बारा महिन्यांचं सभासदत्व लागतं. माझ्या ओळखीतल्या एका जोडप्याने हे ‘करू करू’ म्हणत राहू दिलं आणि कपातीत नेमकी बायकोची नोकरी गेली. त्या सहा महिन्यांत त्यांनी घरातल्या चांगल्या चांगल्या वस्तू मिळेल त्या भावाला विकल्या. घाईत विकलेल्या वस्तूला भाव नसतो हो, आणि ज्यांनी त्या निवडून आणलेल्या असतात त्यांना ते फार लागतं.

तर बोनसचे ६०,००० असे वाटा: ३०,००० खुर्च्यांना, ३०,००० बँकेतल्या गंगाजळीत. पुढचे चार महिने फंडाचे १५,००० थांबवून तेही गंगाजळीत घाला. पुरे १,६०,००० होतात. मग फंड पुन्हा सुरू करा.

खुर्च्यांना मी हो का म्हणते? तुम्ही रोज त्यांच्यावर बसणार आहात. वेगनरची ही खुर्ची १९५० पासून आजतागायत बनते आहे, नव्या खुर्चीची किंमत सगळ्यांना माहीत आहे, म्हणून वापरलेलीलाही गिऱ्हाईक लवकर मिळतं. बैठक कागदी दोरीची, एका खुर्चीला सव्वाशे मीटरच्या आसपास लागते, आणि झिजली तर पुन्हा विणून घेता येते, आपल्या बाजेसारखी. फक्त नकला पुष्कळ आहेत. खाली वाकून निर्मात्याची खूण बघा, पाठीची कमान एकसंध आहे ना बघा, आणि चारही खुर्च्या सपाट फरशीवर ठेवून डुगडुगतात का ते पाहा.

स्टोनवेअरची हौस सोडू नका. गंगाजळी भरली की महिन्याला १,५०० क्रोना हौसेच्या वेगळ्या खात्यात टाका. वर्षाला १८,००० होतात, त्यात एक-दोन मनासारख्या वस्तू येतात. लिलावात बोली लावताना शेवटचा आकडा आधी ठरवा आणि खरेदीदाराची फी त्यात धरा: बोली ८,००० वर थांबली आणि फी पाव हिस्सा असली, तर द्यायचे १०,०००. बुकोव्स्कीस आणि ऑक्शनेट या लिलावांच्या संकेतस्थळांवर झालेल्या विक्रीचे भाव बघता येतात, त्याच कलाकाराच्या त्याच मापाच्या पाच वस्तू बघितल्याशिवाय बोली लावू नका. लोप्पिसला, म्हणजे तिथल्या जुन्या बाजारालाही, जात राहा, डोळा तिथेच तयार होतो.

वस्तू हातात आली की माठ घेताना करतो तेच करा. एका तळहातावर धरा आणि दुसऱ्या हाताच्या नखाने हलकेच वाजवा. खणखणीत नाद आला तर ठीक, बद्द आवाज आला तर कुठेतरी केसासारखी चीर आहे. मग काठावरून बोट फिरवा, बुजवलेला टवका डोळ्यांना फसवतो पण बोटाला फारसा नाही. घरच्या विम्यात अपघाताने फुटण्याची भरपाई, तिकडे जिला ‘द्रुले’ म्हणतात ती, आहे का आणि सुरुवातीचे किती क्रोना पदरचे जातात, हेही बघून ठेवा.

विक्रेत्याला उद्या फोन करून फ्रीबर्गची मिनिएचर आणि साक्सबोची फुलदाणी यांच्या सुट्ट्या किमती विचारा. दुकान बंद करणारा माणूस सुटं विकायला सहसा नाही म्हणत नाही. दोहोंतली एकच परवडेल, आणि तीही खुर्च्यांच्या भावात त्याने काही सोडले तर त्या पैशातून. किंमत कळली की मला दोन्हींच्या तळाचे फोटो आणि मापं पाठवा, मागच्या लिलावांचे भाव मी काढून ठेवते.