इंदूरमध्ये घरी 5 फुटी टाकी आहे, कोणते आफ्रिकन सिक्लिड एकत्र राहतील?

साधारण 400 लिटरच्या तुमच्या टाकीत मलावी सरोवरातले त्यातल्या त्यात शांत म्बुना (खडकांत राहणारे सिक्लिड) ठेवा: इलेक्ट्रिक यलो, एसेई आणि रस्टी, प्रत्येकी एका नरामागे तीन-चार माद्या. माझ्याकडे हीच जोडणी आहे. रंग वेगवेगळे असल्यामुळे नर एकमेकांना कमी डिवचतात, शिवाय एसेई वरच्या पाण्यात फिरतो, त्यामुळे खडकातल्या जागेवरून भांडणं थोडी कमी होतात.

दुकानात 'मिक्स आफ्रिकन' म्हणून मिळणारी पिशवी घेऊ नका. त्यात हमखास ऑराटस हा भांडखोर म्बुना निघतो आणि तो मोठा झाला की सगळ्या टाकीची दादागिरी स्वतःकडे घेतो. पीकॉक हा मलावीचाच दुसरा सिक्लिडही यांच्यात नको: तो दबून राहतो, आणि त्याचं प्रथिनांनी भरलेलं खाणं म्बुनाचं पोट फुगवतं. यांना स्पिरुलिनाचं (निळ्या-हिरव्या शेवाळाचं) खाणं द्या. फ्रंटोसा तर टांगानिका सरोवरातला, फूटभर वाढणारा संथ मासा, त्याला वेगळी टाकी हवी.

पाण्याचा पीएच 7.8 ते 8.5 हवा. बोरिंगचं जड पाणी यांना चालतं, नळाचं नर्मदेचं असेल तर क्लोरीन काढून, पीएच तपासून मगच भरा. दगड आधी तळाच्या काचेवर पक्के बसवा, वाळू नंतर, कारण हे मासे खणतात.

फक्त एक अडचण: पिल्लांमध्ये नर-मादी ओळखता येत नाही. प्रत्येक जातीची सहा-सात आणा आणि जास्तीचे नर पुढे काढून टाका.