एडीएचडीची गोळी, आणि डॉक्टरांना न सांगितलेल्या गोष्टी

मागच्या अंकात एडीएचडी (लक्ष न टिकणं, अति चुळबुळ, उतावळेपणा हा त्रास) कसा ओळखायचा यावर लिहिलं होतं, त्यानंतर आलेल्या पत्रांमधली निम्म्याहून जास्त गोळ्यांबद्दलच आहेत. वाचताना एक गोष्ट सारखी खुपत राहिली, की बऱ्याच घरांत गोळी एकतर लिहून आणून कपाटात पडलीये नाहीतर गुपचूप बंद झालीये आणि डॉक्टरांना दोन्हीचा पत्ता नाही. म्हणून यावेळी फक्त हेच प्रश्न घेतेय.

प्रश्न: माझा मुलगा आठ वर्षांचा आहे. मिथाइलफेनिडेट (एडीएचडीसाठीचं उत्तेजक औषध) सुरू होऊन तीन आठवडे झाले. शाळेतून तक्रारी थांबल्या, बाई खूश आहेत, पण घरी आला की नुसता बसून असतो, हसत नाही, बडबड नाही. मला माझं आधीचं पोर परत हवंय म्हणून पाच दिवस झाले मी गोळी देत नाहीये. नवऱ्याला सांगितलं नाही, डॉक्टरांनाही नाही. मी चुकले का? (एक आई)

उत्तर: ताई, तुम्ही जे बघितलंत ते अगदी बरोबर बघितलंत, फक्त ते तुमच्यापाशीच राहिलं एवढंच चुकलं. गोळी नीट लागू पडली की मूल गप्प होत नाही. ते हसतं, भांडतं, हट्ट करतं, फक्त हातातल्या कामावर आधीपेक्षा जास्त वेळ टिकतं. मूल विझल्यासारखं दिसत असेल तर बहुतेक वेळा डोस जास्त झालेला असतो किंवा ते औषध त्याला मानवत नसतं, आणि दोन्हीवर उपाय आहे. डोस किती लागेल हे मुलाच्या वजनावरून नेमकं सांगता येत नाही, म्हणून तर कमीपासून सुरू करून बघत बघत वाढवायचा असतो, आणि हे बघायचं काम डॉक्टरांच्या खोलीत दहा मिनिटांत होत नाही, ते तुमच्याच घरी होतं.

एक अजून बघा, तो गप्प नेमका कधी होतो? साधी गोळी तीन-चार तास टिकते, हळूहळू सुटणारी आठ ते बारा तास. गोळी ऐन जोरात असताना गप्प असेल तर डोसचा प्रश्न, आणि ती उतरताना चिडचिड, रडारड होत असेल तर ती वेगळी गोष्ट आहे, तिथे कधीकधी वेळ किंवा गोळीचा प्रकार बदलावा लागतो. म्हणून साधी वही करा, गोळी किती वाजता दिली, किती वाजता गप्प झाला, कधी पहिल्यांदा हसला. शाळेत कसा असतो तेही बाईंना विचारून लिहा, कारण तक्रार थांबली म्हणजे मूल बरं आहे असं नसतं.

मला एका मुलीची वही आठवते. गोळीच्या आधीच्या पानावर प्रत्येक ओळीतलं शेवटचं अक्षर खोडून खोडून कागदाला भोकं पडलेली. महिन्यानंतरच्या पानावर अक्षर तसंच वाकडं, पण ओळी शेवटपर्यंत गेलेल्या, आणि कोपऱ्यात एक जाडं मांजर काढलेलं. आईला पूर्ण झालेल्या ओळी बघून आनंद झाला, मला मांजर बघून जास्त झाला. मांजर गेलं असतं तर मी डोस कमी केला असता.

मिथाइलफेनिडेट पाच दिवस दिलं नाही म्हणून सहसा धोका होत नाही, त्याची काळजी करू नका. पण सगळ्याच औषधांचं असं नाही. क्लोनिडिन किंवा ग्वानफासिन ही एडीएचडीसाठी दिली जाणारी दुसरी औषधं चालू असतील तर ती अचानक बंद केल्यावर ब्लड प्रेशर एकदम वाढू शकतं, ती हळूहळूच कमी करायची असतात. उद्या फोन करून डॉक्टरांना जे मला लिहिलंत तेच सांगा, परत सुरू करायची की नाही आणि किती ते त्यांनाच ठरवू दे, आणि नवऱ्यालाही सांगून टाका, हे एकटीने वाहायचं ओझं नाही.

प्रश्न: मेडिकलवाला म्हणाला की हे कडक नियमातलं औषध आहे, चिठ्ठी असल्याशिवाय अजिबात मिळणार नाही. तेव्हापासून भीती बसलीये की मुलाला आपणच व्यसन लावतोय. (एक बाबा)

उत्तर: नियम कडक आहेत हे खरंय. मिथाइलफेनिडेट 1971 च्या आंतरराष्ट्रीय करारातल्या नियंत्रित औषधांच्या यादीत आहे. कारण असं, की तेच औषध कोणी पूड करून नाकाने ओढलं किंवा भलत्या डोसमध्ये घेतलं तर ते मेंदूत झपकन पोचतं आणि त्याची नशा होते. ठरलेल्या डोसची गोळी गिळल्यावर ते सावकाश चढतं, म्हणून ती चटक तशी लागत नाही. ज्यांच्या मुलांना गोळ्या चालू आहेत त्या आईबापांना विचारा, मूल गोळी मागत येत नाही, रोज आठवण करून द्यावी लागते.

मोठी झाल्यावर ही मुलं व्यसनाकडे जास्त वळतात का, हे बऱ्याच वर्षांपासून तपासलं गेलंय आणि गोळीमुळे तो धोका वाढतो असं दिसलेलं नाही. एडीएचडी असला की मात्र तो धोका इतरांपेक्षा जास्त असतोच, मग गोळी घ्या किंवा नका घेऊ. पत्रात तुम्ही गोळीची भीती दोन पानं लिहिलीये, एडीएचडीने मुलाचं काय होतंय त्यावर एक ओळ नाही. तेही लिहून बघा एकदा.

गोळ्या कुलपात ठेवा, मोजून ठेवा, मोठ्या माणसाने हातात द्या. तरीही मन मानत नसेल तर ॲटोमोक्सेटिन आहे, ते उत्तेजक प्रकारातलं नाही, त्याची चटक लागत नाही. पण परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे जातात, आणि सुरुवातीच्या दिवसांत मुलाच्या मूडवर नीट लक्ष ठेवावं लागतं, मरणाचं बोलायला लागला किंवा एकदम बदलला तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं.

प्रश्न: डबा जसाच्या तसा परत येतो. सहा महिन्यांत मुलीचं वजन वाढलंच नाही. उंची खुंटेल का? (एक आई)

उत्तर: भूक मरणं ही या गोळ्यांची सगळ्यात कॉमन तक्रार आहे. दुपारच्या डब्यावरून भांडू नका, त्या वेळी तिला खरंच भूक नसते. गोळीच्या आधी सकाळी पोटभर खाऊ घाला आणि गोळी उतरल्यावर संध्याकाळी, रात्री जी भूक येते तिला नाही म्हणू नका, मग ती जेवणाची वेळ असो नसो.

उंचीचं मी गोड करून सांगणार नाही. 1999 मध्ये एका मोठ्या अमेरिकन अभ्यासाचे निकाल आले होते, त्यात सात ते नऊ वर्षांची 579 मुलं होती, आणि पुढे मोठेपणापर्यंत त्यांच्यावर लक्ष ठेवलं गेलं. ज्यांनी वर्षानुवर्षं न चुकता गोळ्या घेतल्या त्यांची उंची बाकीच्यांपेक्षा काही सेंटीमीटर कमी भरली. एखाद्या मुलासाठी हे काहीच नाही, एखाद्यासाठी असू शकतं, म्हणून मोजत राहायचं. दहा वर्षांच्या आतल्या मुलांचं वजन दर तीन महिन्यांनी, उंची दर सहा महिन्यांनी, आणि आकडे तक्त्यावर मांडून, अंदाजाने नाही. तुमच्या मुलीचं सहा महिने वजन वाढलं नाही हे डॉक्टरांना लगेच कळायला हवं, पुढच्या ठरलेल्या भेटीपर्यंत थांबू नका. डोस कमी करता येतो, औषध बदलता येतं, कधी सुट्टीत काही दिवस थांबवताही येतं.

प्रश्न: मी छत्तीस वर्षांची आहे, एडीएचडी आहे हे मला यावर्षी कळलं. गोळी लिहून दिलीये पण धाडस होत नाहीये. हृदयाला त्रास होईल का, आणि दुसरं म्हणजे, मी चित्रं काढते, गोळीने मी मीच राहीन का?

उत्तर: आधी हृदय. या गोळ्यांनी नाडीचे ठोके आणि ब्लड प्रेशर बहुतेकांमध्ये थोडंसं वाढतं. गोळी सुरू करण्याआधी डॉक्टरांना तीन गोष्टी न विचारताही सांगा: पळताना किंवा जिना चढताना कधी चक्कर येऊन पडलात का, छातीत दुखतं का, आणि घरात कोणी तरुणपणी अचानक गेलंय का. यातलं एकही हो असेल तर आधी ईसीजी आणि हृदयाच्या डॉक्टरांचा सल्ला. 2011 मध्ये बारा लाख मुलं आणि तरुणांची माहिती तपासली गेली, त्यात या गोळ्यांनी हार्ट ॲटॅक, स्ट्रोक वगैरे वाढल्याचं दिसलं नाही. पण खूप वर्षं घेणाऱ्यांमध्ये ब्लड प्रेशरचा त्रास जास्त आढळल्याचं अलीकडच्या संशोधनात आलंय, म्हणून प्रेशर नियमित मोजायचं आणि कॉफी जरा आवरायची. डिप्रेशनची किंवा दुसरी कुठलीही गोळी चालू असेल तर सांगा, काही औषधं यांच्याबरोबर अजिबात चालत नाहीत. गरोदर असाल किंवा तसा विचार असेल तर तेही आधीच बोला.

आता चित्रं. काही जण म्हणतात गोळीवर कल्पना कमी सुचतात, काही म्हणतात आयुष्यात पहिल्यांदा चित्र पूर्ण झालं, आणि दोघंही खरं बोलत असतात. तुमचं कुठलं होईल हे मी इथून सांगू शकत नाही, पण उत्तेजक गोळीचं एक बरं आहे, ती त्याच दिवशी चढते आणि त्याच दिवशी उतरते. पंधरा दिवस घ्या, त्या दिवसांत काढलेलं ठेवा, आधीचं शेजारी मांडा आणि मग डॉक्टरांशी बोला. नकोशी वाटली तर तसं सांगा. स्वभाव कायमचा बदलत नाही.

प्रश्न: परीक्षेच्या वेळी मित्राची गोळी घेतली तर काय होतं?

उत्तर: घेऊ नकोस. त्याचा डोस त्याच्यासाठी ठरवलेला आहे, तुझं प्रेशर, तुझं हृदय कोणी तपासलेलं नाही. रात्रभर जागा राहशील आणि खूप अभ्यास झाला असं वाटेल, तेवढंच. आणि मित्राच्या गोळ्या कमी पडतील. तुझंही लक्ष लागत नसेल, लहानपणापासून लागत नसेल, तर तपासणी करून घे, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

प्रश्न: नात नऊ वर्षांची आहे. आमच्या वेळी असलं काही नव्हतं, मुलं खोडकर असायची आणि मोठी झाली की सुधारायची. सूनबाई गोळी देतात ते मला पटत नाही. दिवसा नात माझ्याकडे असते, दोनदा मी दुपारची गोळी दिलीच नाही. (एक आजोबा)

उत्तर: आजोबा, तुम्ही हे मोकळेपणाने लिहिलंत याचा मला आदर वाटतो. पण हे नवीन नाही हो. 1902 मध्ये जॉर्ज स्टिल नावाच्या लंडनच्या डॉक्टरांनी अशा मुलांचं वर्णन व्याख्यानांत केलेलं आहे. 1937 मध्ये अमेरिकेत चार्ल्स ब्रॅडली यांनी आपल्या दवाखान्यातल्या मुलांना तपासणीनंतरच्या डोकेदुखीसाठी बेंझेड्रिन हे उत्तेजक औषध देऊन पाहिलं, डोकेदुखीला फारसा फरक पडला नाही पण बरीच मुलं अभ्यासाला बसायला लागली, मुलंच त्यांना गणिताच्या गोळ्या म्हणायची. मिथाइलफेनिडेट 1944 मध्ये तयार झालं, ज्या शास्त्रज्ञाने केलं त्यांच्या बायकोचं लाडाचं नाव रिटा, त्यावरून रिटालिन हे त्याचं बाजारातलं नाव. म्हणजे तुमच्या लहानपणीही हे होतं, फक्त आपल्यापर्यंत पोचलेलं नव्हतं.

आणि मोठी झाली की सुधारायची म्हणता, तर तुमच्या वर्गातली जी मुलं मार खाऊन खाऊन शाळा सोडून गेली त्यांची नावं आठवून बघा. काहींचा त्रास वयाबरोबर खरंच कमी होतो, बऱ्याच जणांचा मोठेपणीही राहतो. म्हणूनच गोळी जन्मभराची असं कोणी लिहून देत नाही, वर्षातून एकदा अजून गरज आहे का हे डॉक्टरांबरोबर बघायचं असतं.

पटत नसेल तर पुढच्या भेटीला तुम्हीही जा आणि तिथे विचारा, मनात ठेवू नका. पण लपवून गाळू नका, कारण मग डॉक्टरांना वाटतं गोळी घेऊनही फरक नाही आणि ते डोस वाढवतात. आणि एक काम तुमच्याशिवाय कोणी करू शकणार नाही. गोळीने लक्ष लागतं, पण दप्तर कसं भरायचं, मोठा गृहपाठ तुकडे करून कसा करायचा हे गोळी शिकवत नाही. शेजारी बसून रोज तेच तेच शांतपणे शिकवणारं माणूस लागतं, आणि दुपारी ते तुम्ही आहात.

प्रश्न: सकाळची गोळी विसरले, चार वाजता दिली, रात्री दोनपर्यंत पोरगा जागा. आता काय करू?

उत्तर: पूर्ण दिवस टिकणारी गोळी दुपारनंतर आठवली तर त्या दिवशी सोडून द्यायची, दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखी. साध्या गोळीचं वेळापत्रक वेगळं असतं, ते डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. पूर्ण दिवस टिकणारी गोळी चावायची किंवा कुटायची नाही, आणि चुकलेल्या दिवसाची भरपाई म्हणून दोन कधीच द्यायच्या नाहीत.