रेडिएशनचा आराखडा आणि संगणक

प्रश्न : आईला स्तनाच्या कर्करोगासाठी रेडिएशन सुरू होणार आहे. उपचाराचा बराचसा आराखडा संगणकच करतो, असे समजले. त्यावर भरवसा ठेवावा का?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : जरूर ठेवावा, पण डोळे झाकून नव्हे. आकडे हाताने उतरवावे लागतात तिथे चूक शिरते. २००६ मध्ये ग्लासगो येथे आवश्यक रूपांतर न केलेला आकडा फॉर्मवर गेला आणि एका मुलीला ठरल्यापेक्षा सुमारे ५८ टक्के अधिक मात्रा मिळाली. आराखडा थेट उपचारयंत्राकडे गेला, तर ही वाटच बंद होते. शिवाय, डॉक्टरांनी १५ बैठकांत ४० ग्रे (ग्रे हे रेडिएशनची मात्रा मोजण्याचे एकक) लिहिले असतील, तर दर बैठकीला सुमारे २.६७ ग्रेच येतात का, बाजू डावी की उजवी, हे संगणक न थकता, प्रत्येक रुग्णासाठी पडताळतो. मात्र सीटी स्कॅनवर हृदयाची सीमाच चुकीची आखली गेली असेल, तर पुढचे सारे गणित बिनचूक असूनही हृदयाला इजा होऊ शकते; म्हणून ती सीमा डॉक्टरांनी स्वतः पाहणे मला अत्यावश्यक वाटते. पहिल्या बैठकीपूर्वी रुग्णालयातील वैद्यकीय भौतिकतज्ज्ञांना, म्हणजे रेडिएशनच्या मात्रेचे गणित पाहणाऱ्या तज्ज्ञांना, भेटा आणि आराखडा दुसऱ्या व्यक्तीने स्वतंत्रपणे तपासला आहे का, हे निःसंकोच विचारा.