आधी जाहिरात दे, मग बायोडेटा माग

अरे, ‘बायोडेटा बनवून दे’ एवढंच सांगितलंस, म्हणून चॅटजीपीटीने गुळमुळीत काहीतरी दिलं. गोव्यात वेर्ण्याच्या त्या औषध कंपनीची नोकरीची जाहिरात त्यात पूर्ण चिकटव, खाली तू केलेली कामं आकड्यांसकट लिही आणि विचार: यातलं काय जुळतं, काय कमी पडतं?

नवीन माणूस हमखास चुकतो ते इथे:

- आपण न केलेलं काम त्याने लिहिलं तरी तसंच ठेवणं. माझ्या बायोडेटात त्याने ‘टीमचं नेतृत्व’ घुसडलं होतं. मुलाखतीत पहिला प्रश्न तोच. घाम फुटला!
- आधार नंबर चिकटवणं. गरजच नाही.
- गोव्यातल्या सरकारी भरतीचे नियम त्यालाच विचारणं. १५ वर्षांचा रहिवासी दाखला, कोंकणीची अट मूळ जाहिरातीतच वाच.

मुलाखतीचा सराव मात्र भरपूर कर. एकेक प्रश्न विचारायला सांग, नाहीतर दहा एकदम ओततो.