गोठवलेले भ्रूण आणि सासूबाईंचा आक्षेप

प्रश्न : टेस्ट ट्यूब बेबी उपचारांनंतर आम्हाला मुलगी झाली. नाशिकमधील एका केंद्रात आमचे तीन भ्रूण अजून गोठवलेले आहेत. दुसरे मूल आम्हाला नको आहे. ते भ्रूण मूलपेशींच्या (स्टेम सेल, म्हणजे ज्यांपासून शरीरातील निरनिराळ्या पेशी बनू शकतात अशा पेशी) संशोधनासाठी द्यावेत, असे यजमानांचे मत आहे. सासूबाई याला भ्रूणहत्या म्हणतात आणि दिलेच तर त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळी करावा लागेल, असे बजावतात. केंद्रातील कर्मचारी मात्र म्हणतात, ‘देऊन टाका, पुढे तुमच्याच मुलीच्या उपयोगी पडतील.’ काय करावे?
— एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : कर्मचाऱ्यांच्या बोलण्यावर विसंबू नका. संशोधनाला दिलेल्या भ्रूणांच्या पेशी दात्याच्या कुटुंबासाठी राखून ठेवलेल्या नसतात. शिवाय, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मूलपेशींचा मान्य उपचार म्हणजे रक्ताच्या आजारांसारख्या विकारांसाठी होणारे अस्थिमज्जा प्रत्यारोपण, आणि त्याला भ्रूण लागतच नाही.

सासूबाईंचा आक्षेप गंभीर आहे. पाच-सहा दिवसांच्या भ्रूणातील आतला पेशीपुंज काढून प्रयोगशाळेत वाढवला, की मूलपेशी मिळतात, पण भ्रूण संपतो. शास्त्रज्ञ जेम्स थॉमसन यांनी १९९८ मध्ये अमेरिकेत मानवी भ्रूणापासून अशा पेशी प्रथम मिळवल्या, तेव्हापासून हा वाद धगधगतो आहे. जर्मनीने १९९० च्या कायद्याने भ्रूणांचा असा वापर निषिद्ध ठरवला आणि पुढे परदेशात तयार झालेल्या जुन्या पेशी मागवण्यास मात्र मुभा दिली. स्वतःचे हात स्वच्छ ठेवण्याची ही तऱ्हा मला कधीच पटलेली नाही. ब्रिटनमधील वॉर्नॉक समितीने १९८४ मध्ये भ्रूणांवरील संशोधनाला चौदा दिवसांची मर्यादा सुचवली, कारण त्या सुमारास भ्रूणात शरीराच्या अक्षाची पहिली रेघ उमटते आणि तोवर एका भ्रूणाची जुळीही होऊ शकतात.

आपल्या परंपरेतही उत्तर सरळ मिळत नाही. शुक्र (पुरुषबीज), शोणित (स्त्रीबीज) आणि जीव यांचा कुक्षीत, म्हणजे गर्भाशयात, संयोग झाला म्हणजे त्यास गर्भ म्हणावे, असे चरकसंहितेच्या शारीरस्थानात सांगितले आहे. द्रवरूप नायट्रोजनच्या टाकीत गोठवलेला भ्रूण कुक्षीत नाही, हे खरे. परंतु जीव संयोगातच येतो असे मानणाऱ्यालाही याच वचनाचा आधार घेता येईल. तेव्हा शास्त्राधार दाखवून सासूबाईंना निरुत्तर करायला जाऊ नका.

माझ्या दृष्टीने निर्णायक बाब दुसरी आहे. २०२१ च्या सहाय्यित प्रजनन कायद्यानुसार भ्रूण दहा वर्षांपेक्षा अधिक काळ साठवता येत नाहीत. त्यानंतर ते नष्ट होऊ द्यायचे किंवा जोडप्याच्या संमतीने नोंदणीकृत संशोधन संस्थेला द्यायचे. तुम्हाला दुसरे मूल नको असल्याने तुमचे भ्रूण दोन्ही वाटांनी संपणारच आहेत, आणि म्हणून ते देण्यात अधिक दोष आहे असे मला वाटत नाही. केवळ संशोधनासाठी भ्रूण निर्माण करण्याचे समर्थन मात्र मी करणार नाही. विशेषतः जपानी शास्त्रज्ञ शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या साध्या पेशींना भ्रूणातील मूलपेशींसारखे रूप दिल्यानंतर ती निकड पुष्कळ ओसरली आहे.

संमतिपत्र घाईने भरू नका. संस्थेची नोंदणी, नैतिक समितीची मंजुरी, भ्रूण नष्ट होणार असल्याचा स्पष्ट उल्लेख आणि संमती कधीपर्यंत मागे घेता येईल, हे लेखी मागा. संमती दोघांची लागते, त्यामुळे पत्रात न आलेले तुमचे स्वतःचे मत आधी यजमानांना सांगा. नागबळीचा निर्णय तुमच्या घराने घ्यावा. त्याला कायद्याची हरकत नाही, माझीही नाही.