नावात दिशा असलेलं विद्यापीठ

प्रश्न : मुलीला अमेरिकेतल्या एका सरकारी विद्यापीठात कॉम्प्युटर सायन्सच्या एमएसला प्रवेश मिळालाय. विद्यापीठाच्या नावात ‘ईस्टर्न’ आहे. पेढे वाटून झाले आणि मग भाच्याने शोधून काढलं, की हे ‘नॅशनल’ नाही, ‘रीजनल’ यादीत येतं. कन्सल्टंट तर आधीपासूनच त्याला ‘सेफ’ म्हणत होता. नणंदबाई विचारतात, “म्हणजे तिकडचं तालुक्याचं कॉलेज का?” पाठवावं का?
– एक आई

उत्तर : ताई, नणंदबाईंना दोष देववत नाही. ‘रीजनल’ ऐकलं की आपल्या डोळ्यांसमोर प्रादेशिक परिवहन कार्यालय उभं राहतं आणि ‘नॅशनल’ म्हणजे थेट दिल्ली. मी तिकडे अशाच एका राज्य विद्यापीठाच्या प्रवेश कार्यालयात नोकरी केली. या शब्दांशी माझं जुनं वैर आहे, तेव्हा माझं उत्तर तेवढं जपूनच घ्या.

ती यादी ‘यूएस न्यूज’ची, म्हणजे विद्यापीठांची क्रमवारी लावणाऱ्या तिथल्या प्रकाशनाची. तिथली नॅशनल-रीजनल विभागणी कार्नेगी या अमेरिकी विद्यापीठांच्या प्रकारवार वर्गीकरणावरून होते आणि त्यात मुख्यतः पाहिलं जातं, की विद्यापीठ कोणत्या पदव्या देतं. पीएचडीचा पसारा मोठा असेल तर नॅशनल. भर बॅचलर-मास्टर्सवर आणि डॉक्टरेट मोजक्या असतील तर रीजनल. शिकवतात कसं, याचा त्या शब्दाशी संबंध नाही. वर्गीकरणात बदल झाले की काही विद्यापीठं एका वर्षात या यादीतून त्या यादीत जातात. प्राध्यापक तेच, प्रयोगशाळा तीच, फक्त नातेवाइकांचा सूर बदलतो.

मग पीएचडी का देत नाहीत, लायकी नाही म्हणून? कॅलिफोर्नियाचं बघा. १९६० मध्ये तिथे उच्च शिक्षणाचा ‘मास्टर प्लॅन’ आला. शाळेतून निघालेल्यांपैकी वरचे साडेबारा टक्के ‘युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया’साठी पात्र, वरचे एक तृतीयांश ‘कॅलिफोर्निया स्टेट’साठी, आणि दोन वर्षांचं कम्युनिटी कॉलेज सगळ्यांना खुलं. डॉक्टरेटचं काम पहिलीकडे गेलं. दुसरीला एकटीच्या नावावर डॉक्टरेट द्यायची मुभाच नव्हती. २००५ नंतर ती थोडीथोडी मिळू लागली. म्हणजे वाटणीत काम काढून घ्यायचं आणि तेच काम करत नाही म्हणून वेगळ्या पंगतीला बसवायचं. या ‘कॅल स्टेट’मध्ये आज साडेचार लाखांवर विद्यार्थी आहेत. अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २०१७ चा अभ्यास सांगा नणंदबाईंना. सर्वांत कमी उत्पन्नाच्या पंचमांश घरांतून येऊन सर्वांत वरच्या पंचमांशात पोचलेल्या विद्यार्थ्यांचं प्रमाण त्यांनी कॉलेजवार काढलं. पहिला नंबर कॅल स्टेटच्याच लॉस एंजेलिस शाखेचा, जवळपास १० टक्के.

आता ‘ईस्टर्न’. नावात दिशा असलेली बरीच विद्यापीठं शिक्षक तयार करणारी ‘नॉर्मल स्कूल’ म्हणून सुरू झाली. शिक्षक राज्याच्या कानाकोपऱ्यात हवे होते, म्हणून शाळाही चहूकडे काढल्या. मिशिगनमध्ये ईस्टर्न, वेस्टर्न, सेंट्रल, नॉर्दर्न अशी चारही आहेत. ईस्टर्न १८४९ चं. अमेरिकन लोक अशांना हिणवून ‘डिरेक्शनल स्कूल’ म्हणतात. आमच्याकडची भारतीय मुलं घरी फोनवर दिशा गाळून नुसतं राज्याचं नाव सांगायची. खोटंही नाही आणि आत्याही गप्प. विद्यापीठं तरी वेगळं काय करतात? ‘साउथवेस्ट टेक्सस स्टेट’ २००३ मध्ये ‘टेक्सस स्टेट’ झालं, ‘साउथवेस्ट मिसुरी स्टेट’ २००५ मध्ये ‘मिसुरी स्टेट’. यातल्या पहिल्याचे १९३० चे पदवीधर लिंडन जॉन्सन पुढे राष्ट्राध्यक्ष झाले, आणि १९६५ च्या उच्च शिक्षण कायद्यावर त्यांनी सही केली ती याच आवारात येऊन. तेव्हा नावात दिशा होती.

खरी गंमत मान्यतेत आहे. अमेरिकेत वर्षानुवर्षं ‘रीजनल’ मान्यता वजनदार समजली जायची. हार्वर्डची मान्यतासुद्धा न्यू इंग्लंडच्या, म्हणजे ईशान्येकडच्या विभागाच्या, मंडळाची. ‘नॅशनल’ मान्यता बहुतेक धंदेशिक्षणाच्या संस्थांकडे असायची आणि तिथले क्रेडिट घ्यायला इतर विद्यापीठं नाकं मुरडायची. २०२० मध्ये तिथल्या शिक्षण खात्याने हा भेद आपल्या नियमांतून काढला. भाच्याला विचारा, आता कुठला ‘रीजनल’ वाईट?

आणि कन्सल्टंटचं ‘सेफ’ म्हणजे तुमच्या मुलीला प्रवेश मिळण्याची शक्यता जास्त, एवढंच. जास्त मुलांना घेणारं विद्यापीठ हलकं आणि जास्त मुलांना परत पाठवणारं भारी, हा हिशेब मला प्रवेश कार्यालयात बसूनही कधी पटला नाही.

तरी डोळे मिटून पाठवा असं म्हणणार नाही. मुलीला पुढे संशोधनात जायचं असेल तर अशा ठिकाणी संशोधनाचा निधी आणि असिस्टंटशिप (शिकवण्या-संशोधनात मदत करून मिळणारं मानधन) सहसा कमी असतात. मग मोठं संशोधन विद्यापीठच बघा. नोकरी करायची असेल तर विभागाकडून मागच्या दोन वर्षांचं वेळापत्रक मागवा. माहितीपुस्तकात झळकणारे विषय दर सेमिस्टरला लागतातच असं नाही, आणि मुलं तिथे गेल्यावर हे कळून हिरमुसतात. कायमचे प्राध्यापक किती, तासावरचे किती, तेही विचारा. ओपीटीची, म्हणजे शिक्षणानंतर तिथे काम करायच्या परवानगीची, २४ महिन्यांची वाढ रँकिंगवर मिळत नाही. त्यासाठी अभ्यासक्रमाचा कोड सरकारच्या एसटीईएम (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) यादीत लागतो, तो लेखी घ्या. ही उत्तरं नीट आली तर मी पाठवीन.

प्रश्न : मी अशाच विद्यापीठातून मास्टर्स करतोय. रेझ्युमेवर नाव छोटं करून लिहिलं तर चालेल का?
– एक विद्यार्थी

उत्तर : नको. कंपनी पदवीची पडताळणी करते तेव्हा नाव जुळावं लागतं. पदवीपत्रावर आहे तसं, दिशेसकट लिही. ‘रीजनल’ हा शब्द पदवीपत्रावर कुठेच छापलेला नसतो, तेव्हा मुलाखतीत तो आपणहून काढू नकोस. त्यापेक्षा रेझ्युमेत प्रोजेक्टबद्दल दोन ओळी जास्त लिही.