नावातल्या 'सेव्हन'वर जाऊ नका

सेकंडहँड आय सेव्हन २६०० स्वस्तात मिळतोय म्हणून घ्यायच्या विचारात असाल, तर जरा थांबा. तो इंटेलचा २०११चा प्रोसेसर, म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू. २०२२ साली आलेला आय थ्री १२१०० त्याच्या शेजारी ठेवून पाहा. दोघांनाही चार कोअर (प्रत्यक्ष काम करणारे भाग), आठ थ्रेड (एका वेळी हाताळता येणारी कामं). टर्बोला, म्हणजे कमाल वेगाला, जुना ३.८ गिगाहर्ट्झ, नवा ४.३. कागदावर फरक किरकोळ. पण एका क्लॉक सायकलमध्ये (गिगाहर्ट्झ मोजतो तो एक ठोका) नवा कोअर कितीतरी जास्त काम उरकतो, त्यामुळे एका कोअरचा वेग जवळपास दुप्पट पडतो. गिगाहर्ट्झची तुलना एकाच पिढीतल्या प्रोसेसरांत करावी; पिढी बदलली की तो आकडा फसवतो. (दुकानदार नेमका तोच आधी सांगतात!)

बेंचमार्कमध्ये, म्हणजे वेग मोजणाऱ्या चाचणीत, सिंगल-कोअर आणि मल्टी-कोअर गुण वेगवेगळे बघा. ब्राउझर, एक्सेल आणि बरेचसे गेम पहिल्यावर चालतात, व्हिडिओ रेंडरिंग दुसऱ्यावर.

शिवाय २६००ला रॅम डीडीआर३, म्हणजे जुन्या पिढीची, लागते, आणि विंडोज ११ त्यावर अधिकृतपणे चालत नाही. घरात तो आधीपासूनच असेल तर मात्र लगेच मोडीत काढू नका. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी (तिच्याहून वेगवान स्टोरेज) टाका. टायपिंग आणि यूट्यूबला तो अजून पुरतो.